पाळकाच्या घरातली मुलं: मंडळी सांभाळत वाढवायची कशी आणि वेळ आली की सोडायची कशी

जय ख्रिस्त. तरुण पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर, मला फोन करून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. मुलगी घरात बोलतच नाही, मुलगा चर्चला यायला नको म्हणतो, पोरगी पुण्याला निघालीये आणि तिची आई आठवडाभर रडतीये, काय करू. बोलत बसलं की जवळजवळ प्रत्येक वेळी सापडतं की क्रम चुकलाय. मुलांना शब्द आधी दिला आणि चर्चच्या कमिटीशी नंतर बोललं, मग शब्द मोडला. किंवा सोडायची तयारी बारावीच्या निकालानंतर सुरू केली, जी पाचवी-सहावीत सुरू व्हायला पाहिजे होती. म्हणून सगळं ओळीने लिहितोय. मी २६ वर्षं पाळकी केली, बहुतेक नगर आणि जालना भागात, दोन मुलं वाढवली, दोघंही आता बाहेर आहेत. यातल्या कितीतरी चुका मी स्वतः केल्यात, त्या जिथे येतील तिथे सांगतो.

आधीची तयारी

एक कालनिर्णय घ्या, दोन रंगांची पेनं, एक साधी वही, आणि नवरा-बायकोचे सलग दोन तास. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

वहीत मागचे १४ दिवस आठवून लिहा: किती रात्री मुलांबरोबर बसून जेवलात, किती वेळा जेवणातून उठलात, कुठल्या मुलाशी अभ्यास सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोललात. अंदाजाने लिहू नका, बायकोला विचारून लिहा, कारण तिला बरोबर माहीत असतं. माझा आकडा १४ पैकी ३ आला होता. त्याच काळात आमची मुलगी, वय ६, जेवताना फोन वाजला की घास हातात धरून विचारायची, "पप्पा, आता कोण गेलं?" फोन म्हणजे मयत आणि मयत म्हणजे पप्पा उठणार, एवढं गणित तिने मांडलं होतं.

पाळक आई असेल तरी क्रम हाच. फक्त तिच्याकडून मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, घर पण मागते आणि सेवा पण मागते, त्यामुळे दुसरा टप्पा, कमिटीशी बोलण्याचा, तिने जास्त ठामपणे करावा.

टप्पा १: आधी कॅलेंडर

कालनिर्णयवर काळ्या पेनने मंडळीचं वर्ष मांडा. लेंट (ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ), झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे, ईस्टर, मे महिन्यातली लग्नं आणि व्हीबीएस (मुलांची सुट्टीतली बायबल शाळा), कापणीचा सण, आणि डिसेंबर जवळजवळ अख्खा. मग हिरव्या पेनने मुलांचं: परीक्षा, वाढदिवस, स्नेहसंमेलन, शाळेची पालकसभा. आता दोन रंग कुठे एकमेकांवर चढतात ते बघा.

सगळ्यात मोठी टक्कर ठरलेली आहे आणि तरी ती दरवर्षी लोकांना अचानक आल्यासारखी वाटते. बोर्डाच्या दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात आणि लेंट पण तेव्हाच. २०२७ ला ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे लेंट सुरू होतो तो राखेचा बुधवार १० फेब्रुवारी, गुड फ्रायडे २६ मार्च. ज्याचं मूल त्या वर्षी दहावीला आहे त्याने लेंटमधल्या घरोघरच्या प्रार्थना कोण घेणार हे आदल्या नोव्हेंबरात वाटून टाकायचं. फेब्रुवारीत वाटायला गेलात तर कोणी मोकळा नसतो. आमच्या मुलाच्या गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री मी शेवटच्या वाडीत प्रार्थनेला होतो, साडेअकराला परत आलो, तो वही छातीवर ठेवून झोपला होता. तो पेपर त्याला चांगला गेला, तरी ती रात्र त्याच्या लक्षात आहे.

आता आठवड्याचं. इथे एक चूक इतकी सर्रास आहे की जरा थांबून सांगतो. बहुतेक पाळक सोमवारची सुट्टी धरतात आणि समजतात की घराला वेळ दिला. सोमवारी मुलं शाळेत असतात, तुम्ही रविवारचे थकलेले असता, मुलांना संध्याकाळी मिळतो तो झोपाळलेला बाप. सोमवार तुमच्या विश्रांतीचा, तो ठेवाच. मुलांसाठी वेगळी वेळ काढा, आणि माझ्या मते ती शनिवारी दुपारी ४ ते रात्री ८ ही सगळ्यात चांगली. त्यासाठी रविवारचा संदेश शुक्रवारी रात्री तयार पाहिजे, ही सवय लागायला मला ६ महिने लागले पण लागली.

*तपासा:* कॅलेंडरवर पुढच्या ३ महिन्यांत हिरव्या पेनची निदान १२ ठिकाणं दिसतात का? नसतील तर पुढे जाऊ नका.

*सावधान:* हे कॅलेंडर अजून मुलांना दाखवायचं नाही. आधी टप्पा २.

टप्पा २: कमिटीशी बोलणं

मुलांना शब्द देण्याआधी पास्टरेट कमिटीचा होकार घ्या. स्वतंत्र मंडळी असेल तर वडीलमंडळी (चर्चचे निवडलेले ज्येष्ठ) किंवा ट्रस्टींचा. नवीन ठिकाणी गेलात तर पहिल्याच मिटिंगला बोला, जुन्या ठिकाणी असाल तर वार्षिक सभा झाल्यावर, जेव्हा नवीन कमिटी बसते तेव्हा. भांडण चालू असताना हा विषय काढू नका, त्यात तो तुमचा एक डाव वाटतो.

तोंडी मागू नका, एका पानावर लिहून न्या. माझ्या पानावर ४ गोष्टी होत्या.

१. शनिवार ४ ते ८ पाळक उपलब्ध नाहीत, त्या वेळी फोन सेक्रेटरी घेतील.

२. अपवाद कोणते ते नावानिशी: मयत, आयसीयू, अपघात, कोणाच्या घरात मारहाण. घरभेट, कार्यक्रमाची आखणी, लाऊडस्पीकरवाल्याचं बिल, हे अपवाद नाहीत.

३. पाळकाच्या मुलांना संडे स्कूल, कॉयर (गाणाऱ्यांचा गट), नाताळचं नाटक यात कुठलीही नेमणूक घरी न विचारता करायची नाही.

४. मूल नववी-दहावीत किंवा अकरावी-बारावीत असताना बदलीचा विषय आला तर कमिटी आमच्या बाजूने पत्र देईल.

चौथ्याबद्दल जरा जास्त. बदलीची बोलणी उन्हाळ्यापर्यंत थांबवून ठेवू नका, मूल आठवीत असतानाच वरच्या ऑफिसला अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि दरवर्षी एकदा आठवण करून द्या. माझा अर्ज तोंडी होता, त्यामुळे तो कोणालाच आठवला नाही, आणि मुलीने दहावीच्या वर्षी शाळा बदलली. जूनच्या मध्यात नव्या शाळेत गेली तेव्हा वर्गातल्या सगळ्यांचे गट ठरलेले होते.

कमिटीतले वडील लोक ऐकत नसतील तर बायबलमधला निर्गम १८ उघडा. सासऱ्याने, इथ्रोने, मोशेला काम वाटून द्यायला सांगितलं हे सगळ्यांना पाठ असतं, त्यावर आपण सगळ्यांनी संदेश दिलेत. पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला इथ्रो मोशेची बायको सिप्पोरा आणि दोन मुलं, गेर्षोम आणि अलियेजर, यांना घेऊन आलाय, मोशेने त्यांना परत पाठवून दिलेलं होतं. सासरा आधी कुटुंब आणून समोर उभं करतो आणि मग कामाचं बोलतो. मी हे मिटिंगमध्ये वाचून दाखवलं तेव्हा आमचे ७० वर्षांचे खजिनदार म्हणाले, एवढी वर्षं वाचतोय, हे कधी बघितलंच नव्हतं.

होकार मिनिटबुकात लिहून घ्या. मगच कॅलेंडर घरी मुलांसमोर भिंतीवर लावा.

टप्पा ३: पास्टर बंगल्याला दार लावणं

घर मंडळीचं असतं त्यामुळे लोक सरळ स्वयंपाकघरापर्यंत येतात, प्रेमानेच येतात. पण मुलाला अशी एक जागा लागतेच जिथे कोणी येणार नाही. बाहेरची खोली लोकांसाठी, आतली घरासाठी, आणि आतल्या खोलीला खरोखर कडी लावायची. दोनच खोल्या असतील तर चर्चच्या व्हेस्ट्रीत, म्हणजे पाळकाच्या खोलीत, भेटा, सकाळी १० ते १२ ठरवून टाका, फाटकावर पाटी लावा.

मुलाला कधीही "पप्पा घरी नाहीत म्हणून सांग" असं सांगू नका. पुलपिटवरून सत्यावर बोलणारा बाप दारात मुलाकडून खोटं बोलवून घेतो हे त्याला सातव्या वर्षी पण कळतं. त्याऐवजी त्याला एक खरं वाक्य द्या: "पप्पा आता घरच्यांबरोबर आहेत, सेक्रेटरी काकांना फोन करा."

*सावधान:* पाहुणे सुवार्तिक, शिबिराला आलेले लोक, ओळखीने पाठवलेले तरुण, कोणीही असो, मुलांच्या खोलीत झोपवायचं नाही. जागा नसेल तर चर्चमध्ये गादी टाका, कोणाच्या तरी घरी सोय करा. मुलगी असो की मुलगा, नियम एकच, पाहुणा कितीही मोठा असला तरी. मुलांना सांगून ठेवा की कोणी मोठ्या माणसाने अंगाला हात लावलेला आवडला नाही तर तो माणूस मंडळीत कोण आहे हे न बघता आईला सांगायचं. तसं काही कानावर आलं तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, ते कमिटीत मिटवायचं प्रकरण नाही.

आणि जेवताना कमिटीच्या भांडणाबद्दल बोलू नका. तुम्ही पुढच्या रविवारी त्या माणसाला प्रभुभोजन देता, समेट होतो, पण मुलाच्या मनात तो माणूस शत्रू म्हणून राहतो, कारण समेट त्याने बघितलेलाच नसतो.

टप्पा ४: पुलपिट आणि घर वेगळं ठेवणं

मुलांचे किस्से संदेशात सांगायचे नाहीत. चांगला असेल तर आधी विचारून, आणि मुलाच्या चुकीचा किंवा भीतीचा असेल तर त्याने हो म्हटलं तरी नाही. मी एकदा मुलगी अंधाराला कशी घाबरते ते विश्वासाच्या संदेशात सांगितलं. लोक हसले, बाहेर पडताना चार बायकांनी तिचा गाल ओढला. त्यानंतर ती वर्षभर पुढच्या बाकावर बसली नाही आणि मला कारण कळायलाच तेवढे महिने गेले.

घरची प्रार्थना १० मिनिटांची. एक छोटा उतारा, एक गीत, प्रत्येकाने एक वाक्य, संपलं. तिथे संदेश द्यायचा नाही, आणि दिवसभरातला राग प्रार्थनेत घालून "प्रभू, या मुलाला आज्ञाधारक कर" असं डोळे मिटून मुलाला सुनावायचं तर अजिबात नाही.

"तू पाळकाचा मुलगा आहेस, लोक काय म्हणतील" हे वाक्य घरातून काढून टाका. १ तीमथ्य ३ मध्ये जो स्वतःचं घर चांगलं चालवत नाही तो देवाच्या मंडळीची काळजी कशी घेणार असं विचारलंय, आणि ते बापाला विचारलंय. आपण ते उचलून मुलाच्या पाठीत घालतो.

*तपासा:* मुलाला रागवायच्या आधी एक सेकंद विचार करा, मी बँकेत कारकून असतो तर यावर रागावलो असतो का? खोटं बोलला, कोणाला मारलं, तर हो. केस वाढवले, नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायला नको म्हणाला, तर नाही. दुसरं असेल तर सोडून द्या.

टप्पा ५: वयाप्रमाणे थोडं थोडं सोडणं

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे, म्हणून सविस्तर. सोडणं हे एका दिवसाचं काम नाही. स्तोत्र १२७ मध्ये मुलं वीराच्या हातातल्या बाणांसारखी म्हटलीत, आणि बाण सुटायच्या आधी बराच वेळ ताणून, नेम धरून हातात असतो.

*७ ते १० वर्षं.* आठवड्याला थोडे पैसे द्या आणि त्याचं काय केलं ते विचारू नका. अर्पणाचे पैसे वेगळे द्या, स्वतःच्या पैशातून टाकायचे की नाही ते त्याचं त्याला ठरवू द्या. दुकानातून एकट्याने सामान आणू द्या.

*११ ते १३.* एसटीने एकट्याने आजीकडे जाणं, सुरुवातीला कंडक्टरला सांगून. स्वतःचे कपडे धुणं. १० वर्षांनंतर बऱ्याच बँका मुलाला स्वतः चालवायचं खातं देतात, ते उघडून द्या. या वयात कॉयर, संडे स्कूलचं गाणं यातलं एक काम तो सोडू शकतो हे त्याला स्पष्ट सांगा. एखादं सोडलं तर लगेच कपाळाला आठ्या घालू नका.

*१४ ते १६.* दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करायच्या विधीचा, प्रश्न याच वयात येतो. बिशप येणार म्हणून यादी तयार होते आणि पाळकाच्या मुलाचं नाव त्यात न विचारता पहिलं लिहिलं जातं. तसं करू नका. त्याला बाजूला घेऊन, शक्यतो चालता चालता, विचारा. अजून नको म्हणाला तर नाव टाकू नका, पुढच्या वेळी बघू. चार लोक विचारतील, तुम्ही सांगा "त्याने वेळ मागितलाय", बस. रविवारच्या उपासनेला या वयापर्यंत सगळ्यांनी यायचं हा आमच्या घरचा नियम होता आणि मला तो अजूनही बरोबर वाटतो. पण बुधवारची प्रार्थना, कॅरोल राउंड (नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरणं), तरुण संघ यात त्याचा नकार मानला जायचा.

*१६ ते १८.* एक महिन्याचा स्वतःचा खर्च हातात द्या, संपला तर संपला. डाळ, भात, पोळी, अंड्याची भाजी मुलगा आणि मुलगी दोघांनाही आली पाहिजे. आणि आई-बाप सोडून एक तिसरं मोठं माणूस शोधा ज्याच्याशी तो विश्वासाबद्दलच्या शंका बोलू शकेल, शक्यतो दुसऱ्या मंडळीतलं. बाप पाळक असला की मुलाला "देव खरंच आहे का" हा प्रश्न घरात विचारताच येत नाही, कारण त्या प्रश्नावर घराचा पगार उभा आहे असं त्याला वाटतं.

*सावधान:* मूल लहान असताना पुलपिटवरून "याला मी शमुवेलासारखा सेवेला वाहिलाय" असं जाहीर करू नका (बायबलमधल्या शमुवेलाला आईने लहानपणीच देवाच्या सेवेला दिलं होतं). मी केलं होतं, तो ४ वर्षांचा होता. पुढे प्रत्येक गावात कोणीतरी त्याला छोटे पाळकसाहेब म्हणायचं, आणि १७ व्या वर्षी मशीनिंगचा डिप्लोमा करायचाय हे सांगायला तो तीन महिने घाबरत होता. शमुवेलाला देवाने स्वतः नावाने हाक मारली होती. त्याच शमुवेलाने पुढे आपल्या मुलांना स्वतः न्यायाधीश नेमलं, आणि ती मुलं लाच घेऊ लागली, १ शमुवेल ८ मध्ये आहे. वाहिलं असेल तर ते तुमच्या आणि देवाच्या मध्ये ठेवा.

टप्पा ६: कागद आणि पैसे, निघायच्या दोन वर्षं आधी

आपल्या लोकांत नावाचा घोळ फार. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरला एक नाव, जन्मदाखल्यावर दुसरं, शाळेत घरचं नाव लागलेलं, आधारवर स्पेलिंग तिसरंच. दहावीचा फॉर्म भरायच्या आधी हे सगळं एक करा, नंतर पासपोर्टला आणि नर्सिंगच्या रजिस्ट्रेशनला रडवतं. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर, बारावीच्या जानेवारीपर्यंत हातात पाहिजेत. ख्रिस्ती म्हणून अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या असतात, पोर्टल उघडतं तेव्हाच भरा.

कर्जाचं आधी बघून ठेवा. साधारण ७.५ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका घर-जमीन तारण मागत नाहीत, ४ लाखांच्या वर जामीनदार मागू शकतात. त्याच्या वर सहसा तारण लागतं, आणि पाळकाकडे स्वतःचं घर बहुतेक वेळा नसतं, आपण राहतो तो बंगला मंडळीचा. त्यामुळे २० लाखांच्या कोर्सचं स्वप्न मुलाने बघायच्या आधी घरातला खरा आकडा त्याच्यासमोर ठेवा. मुलांना पगार सांगायला लाजू नका. निवृत्तीनंतर हे घर सोडावं लागणार हे पण तेव्हाच सांगा.

*सावधान:* मंडळीत कर्ज किंवा मदत मागायची तर मुलाला विचारून. नाहीतर तो सुट्टीला आला की प्रत्येक देणारा त्याला मार्क विचारतो.

टप्पा ७: निघायचा आठवडा

निरोपाची प्रार्थना चर्चमध्ये करायची का ते मुलाला विचारा. हवी असेल तर ५ मिनिटांची, गुडघ्यावर बसवून २० मिनिटांचा उपदेश नको. त्या आठवड्यात मयत सोडून काहीही घेऊ नका, दुसऱ्या पाळकाला सांगून ठेवा. सोडायला स्वतः जा. मी मुलीला मिरजेला सोडायला गेलो, हॉस्टेलच्या दारात मला मोठी प्रार्थना करायची होती, तिने हळूच म्हटलं, "पप्पा, इथे नको, मुली बघतायत." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मनातल्या मनात केली.

तिथल्या पाळकांना आधीच फोन करून "आमच्या पोरीवर लक्ष ठेवा, रविवारी येते का कळवा" असं सांगू नका. जवळच्या चर्चचा पत्ता आणि उपासनेची वेळ कागदावर लिहून तिच्या हातात द्या. जायचं की नाही हे आता तिचं आहे.

टप्पा ८: गेल्यानंतर

पहिले ३ महिने फोनचा वार आणि वेळ ठरवा, आठवड्यातून दोनदा पुरे. फोनवर पहिला प्रश्न "चर्चला गेली होतीस का" हा नसावा, जेवण, झोप, मैत्रिणी हे विचारा. रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर वचन पाठवायचं असेल तर मंडळीच्या ग्रुपवर पाठवता तेच पुढे ढकलू नका, तिला ते कळतं. आठवड्याला एकच, तिच्यासाठी लिहिलेलं पाठवा.

मूल उपासनेपासून लांब गेलं असं कळलं तर मंडळीसमोर रडून साक्ष देऊ नका, राजीनामाही लगेच देऊ नका. वडीलमंडळीत ज्या एक-दोघांवर विश्वास आहे त्यांना खरं सांगा, बाकीच्यांना सांगायची गरज नाही. लूक १५ मधल्या बापाने मुलाला हिस्सा वाटून दिला आणि जाऊ दिलं, मागे माणसं लावली नाहीत, मात्र तो दूर असतानाच त्याने त्याला ओळखलं. म्हणजे वाटेवर नजर होती. फोन चालू ठेवा, वादाचे मुद्दे फोनवर घेऊ नका, आणि घरी यायला कुठलीही अट घालू नका.

पाळकबाईंकडे, म्हणजे आपल्या बायकोकडे, या काळात लक्ष द्या. आपल्याला मंडळी असते, रोज कोणीतरी दारात असतं, तिचं घर मात्र एका दुपारीत रिकामं होतं. आमच्या घरी मुलगा गेल्यावर ही कितीतरी दिवस तिघांचाच स्वयंपाक करत होती. त्या शनिवारच्या ४ ते ८ मी कमिटीला परत दिल्या नाहीत, त्या आता तिच्या आहेत.

शेवटचं डिसेंबरचं. मुलं नाताळला घरी येतात आणि आपला सगळ्यात भरलेला महिना तोच, कॅरोल राउंड, संडे स्कूलचा कार्यक्रम, २५ ची उपासना, ३१ च्या रात्रीची नव्या वर्षाची उपासना, म्हणजे वॉचनाईट. नोव्हेंबरातच दोन तारखा हिरव्या पेनने अडवा, आमच्याकडे २६ आणि २७. मुलगा आला आणि मागच्या बाकावर बसला तर त्याला पुढे बोलावू नका, शास्त्रवाचनाला नाव घालू नका. मागच्या वर्षी आमचा दाराजवळ बसला होता, गीतं सगळी म्हणाला, उपासना झाल्यावर स्वतःहून खुर्च्या उचलायला लागला.